मेंढ्यांच्या वाड्यापासून फ्लॅटपर्यंत : सातारा-सांगलीतील पाळीव कुत्र्यांची पार्श्वभूमी

सांगली, मिरज, कराड, सातारा या शहरांत घरात कुत्रा पाळण्याचे प्रमाण अलीकडे डोळ्यांत भरण्याइतके वाढले आहे. पशुवैद्यकाच्या दवाखान्यात पूर्वी गाई-म्हशींची औषधे न्यायला आलेले शेतकरी दिसत. आता त्याच बाकावर लॅब्रॅडॉर, पग किंवा कारवानाचे पिल्लू मांडीवर घेऊन बसलेली कुटुंबेही दिसतात. त्यांच्या तक्रारी ठरावीक असतात : कुत्रा सोफा कुरतडतो, रात्रभर भुंकतो, पाहुण्यांच्या अंगावर जातो, खाऊन खाऊन सुटला आहे. या तक्रारींचे मूळ शोधू गेल्यास ते बहुतेकदा एकाच ठिकाणी सापडते, आणि ते म्हणजे त्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या कामासाठी घडवले गेले आणि आज तिच्याकडून आपण काय अपेक्षा करतो यांतील अंतर. हे अंतर समजून घ्यायचे तर आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या कुत्र्यांपासून सुरुवात करावी लागते.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा पट्टा आहे. पाऊस बेताचा, माळरान उघडे, आणि त्यामुळे शेतीइतकाच जनावरांवर भरवसा. खिलार बैल याच मुलखातला, माडग्याळ मेंढीही जत तालुक्यातली. इथले धनगर पावसाळा सरला की मेंढ्या, घोडी आणि बिऱ्हाड घेऊन नदीखोऱ्यांकडे किंवा घाट उतरून कोकणाकडे जात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर माघारी फिरत; अनेक कुटुंबे आजही जातात. या वाटचालीत रात्रीचा मुक्काम उघड्या रानात असतो, कोकरे वाघरीच्या जाळ्यात असतात आणि लांडगा आसपास असतो. वाड्याभोवती पडून राहणारी कुत्री ही या व्यवस्थेतली खरी राखण.

या धनगरी कुत्र्यांची नोंद कोणत्याही वंशावळीच्या वहीत नाही, त्यांच्या उंचीचे वा रंगाचे प्रमाण कोणी ठरवलेले नाही. निवड झाली ती फक्त कामावरून : जे मेंढरांना तोंड लावते ते ठेवायचे नाही, जे लांडग्याच्या चाहुलीला उठते त्याची पिल्ले ठेवायची. पिल्लू कोकरांच्या सोबतीने वाढते, त्यांच्या वासाला सरावते आणि मोठे झाल्यावर कळपालाच आपले कुटुंब समजते. दिवसा ते सावली धरून झोपा काढते आणि अंधार पडला की कान टवकारून बसते. माणसाच्या हुकमाची वाट पाहणे त्याच्या कामात बसतच नाही, कारण लांडगा येतो तेव्हा धनगर झोपलेला असतो. असे पिल्लू कौतुकाने आणून विश्रामबागेतल्या एखाद्या सोसायटीत वाढवले आणि ते रात्री दोन वाजता जिन्यातल्या पावलांवर तुटून पडले, तर त्याने त्याची नेमणूक चोख बजावली असेच म्हणावे लागेल. शेजाऱ्यांना हे पटत नाही हा भाग वेगळा.

याच माळरानावरचा दुसरा कुत्रा म्हणजे कारवान. तो राखणीचा नव्हे, पाठलागाचा. मध्य व पश्चिम आशियातून आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज दख्खनमध्ये आले असे मानले जाते आणि सालुकी या पश्चिम आशियातील शिकारी कुत्र्याशी असलेले त्याचे साम्य पाहता ते पटण्यासारखे आहे. कारवानाचाच लांब केसांचा प्रकार असलेला पश्मी तर त्या साम्याची आठवण आणखी ठळकपणे करून देतो. कारवानाची उंची खांद्यापाशी साधारण 65 ते 70 सेंटीमीटर भरते. डोके लांबट आणि निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले, कातडी इतकी पातळ की धाव संपल्यावर मांडीवरच्या शिरा मोजता याव्यात. ग्रेहाउंडप्रमाणे तो वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. दूरवर काही हलले की त्याची मान वर जाते, शेपूट स्थिर होते, आणि त्यानंतर मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. मोकळ्या रानात ससा उठल्यावर विचार करण्यात क्षणही न दवडणारा कुत्रा शतकानुशतके निवडत गेल्याचा हा परिणाम आहे. हमरस्त्यालगतच्या कॉलनीत मात्र हाच गुण जिवावर बेततो, कारण पलीकडच्या फुटपाथवरचे मांजर आणि माळावरचा ससा यांत त्याच्या डोळ्यांना फरक दिसत नाही.

या कुत्र्याला दरबारी प्रतिष्ठा मिळाली ती मुधोळमध्ये. मुधोळ आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असले, तरी संस्थानी काळात सांगली, मिरज, जत, जमखिंडी यांच्याप्रमाणे तेही दक्षिणी मराठी मुलखातलेच एक संस्थान होते आणि तिथे घोरपड्यांची गादी होती. राजे मालोजीराव घोरपडे यांनी रानात शिकार करणाऱ्या बेरडांकडची ही कुत्री हेरली, त्यांची निगुतीने पैदास केली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. केनेल क्लब ऑफ इंडिया याच कुत्र्याची नोंद कारवान हाउंड म्हणून करतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. जत भागातल्या जाणत्या माणसांना हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ते कुत्र्याची छाती आणि मागचे पाय पाहतात. पुढे 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली त्यांत मुधोळ होता, आणि 2016 मध्ये सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेण्यात आली.

कुत्र्याचा सोबती म्हणून गौरव मात्र याहून जुना आहे आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, संगम माहुलीत, सातारच्या राजघराण्यातील समाध्यांच्या परिसरात एका कुत्र्याचे दगडी शिल्प आहे. हा थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. लोक त्याला खंड्या म्हणतात. 1818 नंतर साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून काम केलेल्या जेम्स ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात याची हकिगत दिली आहे : वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचवले होते, महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा तर भर दरबारात त्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफने हे सारे महाराजांच्या उतारवयातील बुद्धिभ्रंशाच्या खाती टाकले आहे. दरबाराने ती पालखी चालू ठेवली हेही तोच सांगतो. ज्याने जीव वाचवला त्याला इनाम देणे ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. ती चार पायांच्या सेवकालाही लागू केली म्हणून ती एकदम वेडेपणा ठरावी, हे साहेबी निदान मला तरी घाईचे वाटते.

देवाधर्मातही कुत्र्याला जागा आहे. कराड तालुक्यातल्या पालीच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांना खंडोबाबरोबर कुत्रा असतो हे सांगावे लागत नाही, आणि पलूस तालुक्यातल्या औदुंबरला दत्ताच्या पायाशी चार कुत्री ही चार वेदांची रूपे म्हणून नमस्काराला पात्र असतात. असे असूनही वाड्याच्या उंबऱ्याच्या आत कुत्र्याला यायला मिळत नसे. त्याची जागा देवडीत, अंगणात किंवा गोठ्याशी. उरलेली भाकरी-आमटी हे त्याचे जेवण. यामागे सोवळ्याओवळ्याच्या कल्पना होत्या, पण तितकीच मोठी भीती पिसाळण्याची होती. लुई पाश्चर यांनी 1885 साली रेबीजची लस माणसावर प्रथम वापरली खरी, परंतु आपल्याकडे कितीतरी दशके ‘पोटात चौदा इंजेक्शने’ हीच त्या लशीची ओळख होती. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती जुनी लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली. नवी, दंडावर दिली जाणारी लस आणि कुत्र्यांसाठीची वार्षिक लस सहज मिळू लागली, तेव्हा कुठे कुत्रा उंबरा ओलांडून आत आला. फ्लॅटमधल्या श्वानप्रेमाचे श्रेय आपण हौसेला देतो. त्यातला मोठा वाटा लशीचा आहे.

विलायती जातींचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1859 साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे पहिले श्वानप्रदर्शन भरले, 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि जातीची व्याख्या कामावरून दिसण्यावर, वंशावळीच्या नोंदीवर आली. साहेबांबरोबर त्यांची कुत्री महाबळेश्वर-पाचगणीपर्यंत पोहोचली. लॅब्रॅडॉर हा मुळात न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात काम करणारा. जर्मन शेफर्ड ही 1899 नंतर माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी मेंढपाळी कुत्र्यांतून घडवलेली जात. डॉबरमन हा एका जर्मन करवसुली अधिकाऱ्याने संरक्षणासाठी तयार केलेला. आपण ज्याला पामेरियन म्हणतो तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो. पग हा चिनी राजवाड्यातला मांडीवरचा कुत्रा, आणि 2003 मध्ये एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत तो झळकल्यावर तालुक्याच्या गावांतही त्याची मागणी सुरू झाली.

दरम्यान आपल्या माळरानावरच्या कुत्र्यांचे काम सुटत गेले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा झाला, आणि त्यात सशाची शिकारही आली. कायदा योग्यच होता, परंतु कारवानाच्या पायांतली ऊर्मी कायद्याने थांबत नाही. उसाचा आणि द्राक्षांचा पट्टा विस्तारला, चराऊ रान आक्रसले, मेंढरांचे वाडे कमी झाले. बेकार झालेल्या या कुत्र्यांच्या गळ्यात मग साखळी आली. द्राक्षबागेच्या शेडला, बंगल्याच्या फाटकाला किंवा गच्चीवर बारा-बारा तास बांधलेला कुत्रा हे आज आपल्याकडचे सर्वसाधारण दृश्य आहे आणि चावरेपणाच्या कित्येक तक्रारींची सुरुवात तिथेच होते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचे कलम 11 याबाबत आश्चर्य वाटावे इतके नेमके आहे : अवाजवी आखूड वा जड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहेच, शिवाय नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही मालकाचा गुन्हा आहे. हे कलम साठ वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात आहे आणि ते माहीत असलेला कुत्र्याचा मालक मला क्वचितच भेटला आहे.

कुत्रा सोबती म्हणून आनंदात राहावा असे वाटत असेल, तर त्याच्या जुन्या कामाची काही तरी भरपाई त्याला मिळावी लागते. कारवानाला रोज तासभर दोरीने फिरवण्यापेक्षा कुंपण घातलेल्या मोकळ्या रानात दहा मिनिटे जीव तोडून पळू देणे अधिक उपयोगी ठरते. त्यानंतर तो दिवसाचा मोठा भाग निवांत झोपतो. अंगावर चरबी नसल्याने त्याला फरशीवर झोपवू नये, जानेवारीतल्या साताऱ्याच्या थंडीत त्याला पोते-गोधडी लागते, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर ही जात भुलीच्या औषधांना हळवी असू शकते याची पशुवैद्यकाला आठवण करून द्यावी. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. पाहुण्यांच्या मुलांनी त्याला कुरवाळावे असा आग्रह धरू नये. धनगरी कुत्र्याला ओसरीवर, जिथून फाटक दिसते अशी जागा दिली की त्याची निम्मी अस्वस्थता जाते.

लॅब्रॅडॉरचे दुखणे वेगळे. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिले की, या जातीतल्या जवळपास चौथ्या हिश्श्यातील कुत्र्यांत भुकेवर नियंत्रण ठेवणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्यामुळे ताटाजवळ बसून केविलवाणे पाहणाऱ्या लॅब्रॅडॉरची भूक खरी असली, तरी त्याची गरज खरी असेलच असे नाही. आखूड नाकाच्या पगला एप्रिलमध्ये जत-कवठेमहांकाळच्या उन्हात दुपारी बाहेर काढणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि पगची श्वासनलिकेची वाटच माणसाने पैदाशीतून अरुंद करून ठेवली आहे.

आणखी एक गोष्ट तासगाव परिसरातील वाचकांसाठी मुद्दाम सांगायला हवी. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. हे पशुवैद्यकशास्त्राच्या लक्षात आले ते गेल्या पंचवीसएक वर्षांतच, आणि अलीकडे संशयाची सुई द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे वळली आहे. कोणत्या कुत्र्याला किती बेदाणे बाधतील हे आधी सांगता येत नाही. बेदाणा शेडवर सांडलेला माल पोटभर खाऊन एखादा कुत्रा ठणठणीत राहतो आणि दुसरा मूठभर खाऊन उलट्या करू लागतो, लघवी बंद होऊन दोन-तीन दिवसांत दगावतो. शेडवरच्या राखणदार कुत्र्याला निवडणीतला टाकाऊ बेदाणा घालणे म्हणूनच बंद करावे, आणि त्याने तो खाल्ल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. कांदा-लसणाची आमटी ओतलेली भाकरीही रोजची नको. भाकरीबरोबर अंडे किंवा मांस हवे.

राहता राहिला प्रश्न पिल्लू आणण्याचा. आपल्याकडे डोळे उघडले, दुडुदुडु चालू लागले की पिल्लू उचलण्याची पद्धत आहे. 2017 च्या श्वानपैदास व विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही, आणि त्याला कारण आहे : चावा किती जोराचा घ्यायचा हे पिल्लू आई आणि भावंडांशी मस्ती करताना शिकते. माणसे, वाहने, लहान मुले, परके आवाज यांची धास्ती जाण्याचा काळही साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो. तीन महिन्यांच्या सुमाराला रेबीजची पहिली लस द्यायची असते. आटपाडी-जतकडे पिल्लू पाहायला जाणाऱ्याने रंग आणि कानांची ठेवण पाहण्याआधी अर्धा तास त्याच्या आईजवळ बसावे, आणि ती कशावर धावते, कोणाला जवळ येऊ देते, मालक नजरेआड झाल्यावर काय करते, हे नीट पाहून घ्यावे.