पायाभोवतीचा निचरा

जमिनीत मुरलेले पाणी घराच्या पायाशी साचू न देता दूर नेण्यासाठी फूटिंगलगत (भिंतीखालच्या रुंद काँक्रीट पायथ्यालगत) खणलेला, खडी आणि छिद्रांचा नळ घातलेला बुजवलेला चर म्हणजे पायाभोवतीचा निचरा. तळघर असलेल्या किंवा उतार कापून बांधलेल्या घराला त्याची गरज सर्वाधिक. भिंतीबाहेर साचलेल्या पाण्याचा दाब दर मीटर खोलीमागे चौरस मीटरला सुमारे १ टनाने वाढतो. जलरोधक लेप ओल अडवतो, पण हा दाब कमी करत नाही. त्यामुळे लेप असला तरी निचरा लागतोच.

अशा चराला 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात, त्याचा फ्रान्सशी संबंध नाही. अमेरिकेतील हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी १८५९ मध्ये शेतातील निचऱ्यावर सविस्तर लिहिले, त्यांच्या आडनावावरून हे नाव पडले.

पाणी शेवटी कुठे सोडायचे, हे खोदाईआधी ठरवावे लागते. जागेला उतार असेल तर छिद्रे नसलेला नळ खालच्या बाजूला उघड्यावर काढावा आणि तोंडाला जाळी लावावी, नाहीतर उंदीर शिरतात. जागा सपाट असेल तर झाकणबंद खड्डा, पंप आणि पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह लागतो. वीज नेमकी वादळी पावसातच जाते, म्हणून पंपाला बॅटरीची जोड हवीच.

सर्वांत जास्त चुका पातळीत होतात. नळ सगळीकडे तळघराच्या फरशीखालीच राहायला हवा, पण चर फूटिंगच्या तळापेक्षा खोल जाता कामा नये. तसे झाल्यास फूटिंगखालची माती निसटून पाया खचू शकतो. फरशी फूटिंगच्या माथ्यावर टेकलेली असेल, तर सगळा हिशेब फूटिंगच्या जाडीत बसवायचा असतो. १० बाय १० मीटरच्या घरात सांडीच्या (पाणी बाहेर पडते त्या जागेच्या) समोरचा कोपरा सर्वांत उंच धरून दोन्ही बाजूंनी नळ उतरवला, की प्रत्येक फाटा सुमारे २१ मीटरचा होतो. शंभराला एक ढाळ दिला तर २१ सेंमी उतार लागतो. फूटिंग ३० सेंमी, नळ १० सेंमी आणि खाली खडीचा ५ सेंमी थर धरल्यास उताराला १५ सेंमीच उरतात, म्हणून तो बसत नाही. दोनशेला एक हा किमान ढाळ मात्र बसतो: नळाचा तळ वरच्या कोपऱ्यात फूटिंगच्या तळापासून साधारण १५ सेंमी वर, सांडीपाशी ५ सेंमी वर. इतका कमी ढाळ नजरेने साधत नाही. लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) किंवा लेसर लावून दर दोन-तीन मीटरला पातळी तपासावी.

४५ सेंमी रुंदीच्या चरात आधी न विणलेले जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड) अंथरावे, त्यावर धुतलेली २० मिमी खडी, मग १०० मिमीचा कडक पीव्हीसी नळ. छिद्रे खालच्या बाजूला ठेवावीत. अनेकांना हे उलटे वाटते, पण भूजल खालून चढते आणि छिद्रे खाली असली तर ते आधी नळात शिरते. छिद्रे वर ठेवली तर नळाच्या उंचीइतके पाणी पायाशी साचल्यावरच निचरा सुरू होतो. नळावर ३० सेंमी खडी टाकून कापड ३० सेंमी एकमेकांवर येईल असे दुमडावे. वर उदाहरणात घेतलेल्या घराला सुमारे १० घनमीटर खडी आणि १०० चौरस मीटर कापड लागते. कापड खडीभोवती असावे. नुसते नळाभोवती गुंडाळले तर गाळ त्या छोट्या पृष्ठभागावरच बसतो आणि ते लवकर तुंबते. कोपऱ्यांवर एकदम काटकोनी जोड न देता दोन ४५ अंशांचे बेंड द्यावेत आणि नळ साफ करण्यासाठी जमिनीपर्यंत उभे तोंड काढावे.

छपराचे पाणी या नळाला कधीही जोडू नये. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिमी पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी होते. ते छिद्रांतून थेट पायात ओतले जाते. पन्हळींसाठी छिद्रे नसलेला स्वतंत्र नळ शेवटपर्यंत वेगळाच न्यावा.

बुजवण्याआधी वरच्या कोपऱ्यातून पाणी सोडून ते सांडीतून येते का, हे पाहावे आणि पातळ्या टिपून फोटो काढून ठेवावेत. भिंतीलगत वरपर्यंत खडी किंवा निचरा-पत्रा (पाणी खाली नळाकडे नेणारा उंचवट्यांचा पत्रा) लावावा. शेवटचे ३० सेंमी चिकणमाती दाबून भरावी आणि घरापासून ३ मीटरमध्ये १५ सेंमी उतार द्यावा. तळघराच्या भिंतीला वरून मजल्याचा आधार मिळण्यापूर्वी भराव टाकल्यास ती आत झुकू शकते. भराव पहिल्या वर्षात बसतो आणि उतार घराकडे उलटतो, तेव्हा पुन्हा माती टाकावी लागते.

पुढे निचरा तुंबतो तो बहुधा न धुतलेल्या खडीतील बारीक भुकटीने, झाडांच्या मुळांनी किंवा लोहयुक्त पाण्यातील जिवाणूंच्या नारिंगी बुळबुळीत थराने. लवचिक, वळ्यावळ्यांचा नळ भरावाखाली चेपतोही. भर पावसात शेजारची जमीन चिंब असताना सांडीतून थेंबही येत नसेल, तर आधी उभ्या तोंडातून पाण्याचा जोर लावून नळ धुवावा. तरीही पाणी आले नाही, तर नळ तुंबलेल्या जागी खणावे लागते.