पायाखालून सरकणारी होडी

सांगलीत कृष्णेच्या घाटावर होडीतून उतरताना माझा अंदाज पहिल्यांदा चुकला, तेव्हा मी सातवीत होतो. पायरी जेमतेम हाताच्या अंतरावर होती. जमिनीवर त्याच्या दुप्पट उडी मी सहज मारायचो. पण इथं उडी घेतली आणि थेट गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. मागं पाहिलं तर होडी चांगली लांब सरकलेली. नावाडीमामा म्हणाले, "दोर बांधल्याबिगर उतरायचं न्हाई पोरा. तू म्होरं गेलास की ती मागं जाणारच."

पुढं नववीत न्यूटनचा तिसरा नियम आला. प्रत्येक क्रियाबलाला तेवढंच, पण विरुद्ध दिशेचं प्रतिक्रियाबल असतं. नियम पाठ झाला, मार्कही मिळाले. पण त्या होडीशी त्याचं नातं जुळायला बरीच वर्षं गेली. मला वाटतं, घोळ 'प्रतिक्रिया' या शब्दात आहे. आपल्या बोलण्यात प्रतिक्रिया नेहमी नंतर येते. आधी बातमी, मग तिच्यावरची प्रतिक्रिया. त्यामुळे हा नियम 'जशास तसे' या थाटात समजावला जातो, जणू होडी आधी धक्का खाते आणि मग त्याची परतफेड करते. प्रत्यक्षात माझ्या पायानं होडीला मागं रेटणं आणि होडीनं मला पुढं रेटणं ही एकच घटना आहे. दोन्ही बलं एकाच क्षणी सुरू होतात आणि पाय सुटला की एकाच क्षणी संपतात. त्यातल्या कुठल्या बलाला क्रिया म्हणायचं, हा केवळ आपल्या सोयीचा भाग.

दोन्ही बलं बरोबरीनं सुरू होऊन बरोबरीनं संपतात, यातूनच संवेगाची गोष्ट निघते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. एखाद्या वस्तूवर बल जितका वेळ टिकतं, तितका तिचा संवेग बदलत जातो. बल गुणिले वेळ, एवढाच तो बदल. आता होडीवरचं आणि माझ्यावरचं बल सारखं, ते टिकण्याचा वेळही सारखाच. मग दोघांच्या संवेगातला बदल वेगळा होईलच कसा? तो सारखाच होणार, फक्त दिशा उलट.

आमच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की एकाच्या वहीत जी रक्कम नावे पडते, तीच दुसऱ्याच्या वहीत जमा होते. संवेगाचा हिशेब तसाच चालतो. माझं वजन ६० किलो आणि नावाड्यासकट होडी १२० किलोची धरू. मी सेकंदाला २ मीटर वेगानं पुढं उडालो, तर माझा संवेग १२०. होडीलाही उलट दिशेनं १२० मिळणार, म्हणून ती सेकंदाला १ मीटर वेगानं मागं जाणार. उडीआधी बेरीज शून्य होती, नंतरही शून्यच. बलं समान असली तरी वेग समान नसतात, कारण वस्तुमानं वेगळी. संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत म्हणतात तो हाच. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटननं तो तिसऱ्या नियमातूनच काढून दाखवला आहे.

त्याच ग्रंथात पाण्यावरचा एक प्रयोग आहे, तो मला फार आवडतो. न्यूटननं चुंबक एका भांड्यात आणि लोखंड दुसऱ्या भांड्यात ठेवलं आणि दोन्ही भांडी संथ पाण्यावर एकमेकांना टेकवून सोडली. चुंबक लोखंडाला ओढतोय, लोखंड चुंबकाला ओढतंय. यातलं एक ओढणं जरा जरी जास्त असतं, तरी ती जोडी आपोआप पाण्यावरून पळत सुटली असती. ती जागच्या जागी राहिली.

आमच्याकडं पुराच्या पाण्यात लोक गुळाची काहील होडीसारखी वापरतात. तिच्यात बसून आतूनच तिचा काठ कितीही जोर लावून ढकलला, तरी ती पैलतीराला जाणार नाही. आतल्या आत घेतलं-दिलं, बाहेरच्या कुणाच्या खात्यात काहीच नाही. पुढं जायचं तर कुणाला तरी मागं ढकलावं लागतं. वल्हं तेच करतं, ते पाणी मागं फेकतं.

इथं जरा थांबू या, कारण पावसाळ्यात कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती पाहताना मला नेहमी वल्ह्याचं रुंद पातं दिसतं. १०० किलो पाणी सेकंदाला १ मीटर वेगानं मागं फेका, किंवा ५० किलो पाणी २ मीटर वेगानं. होडीला मिळणारा संवेग दोन्हीकडं १००. पण पाण्याला दिलेली ऊर्जा पहिल्या रीतीत ५० ज्यूल, दुसरीत १०० ज्यूल, कारण ऊर्जेच्या हिशेबात वेगाचा वर्ग येतो. म्हणजे थोडं पाणी जोरात फेकणारा दुप्पट दमतो. भरपूर पाणी सावकाश ढकलणं केव्हाही स्वस्त. रॉकेटला मात्र ही चैन नाही. फेकायचं ते सगळं सोबतच न्यावं लागत असल्यानं, जे आहे ते शक्य तितक्या वेगानं फेकणं हाच त्याचा मार्ग.

ऊसवाहतुकीच्या बैलगाड्या पाहून एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. बैल गाडीला जितक्या जोरानं पुढं ओढतो, तितक्याच जोरानं गाडी बैलाला मागं ओढते. मग गाडी हलतेच कशी? दगडाला दोरानं बांधलेल्या घोड्याचं उदाहरण खुद्द न्यूटननंही दिलं आहे. उत्तर असं, की ही दोन बलं एकाच वस्तूवर नाहीत. एक गाडीवर आहे, दुसरं बैलावर, म्हणून ती एकमेकांना खोडत नाहीत. गाडीचं चालू होणं ठरतं ते बैलाच्या ओढीनं आणि चाकांच्या अडथळ्यानं. आणि बैलाला पुढं नेते ती जमीन. तो खुरांनी तिला मागं रेटतो, ती त्याला पुढं रेटते. चिखलात खूर घसरले की जमीन तेवढं रेटू शकत नाही, मग बैल कितीही ताकदवान असो, गाडी रुतलेलीच राहते.

आता नावाडीमामांचा दोर. दोर घाटाच्या कड्याला ताठ बांधलेला असला, की मी उडी मारताना होडी मागं जायला पाहते, दोर ताणला जातो आणि तिला मिळालेला संवेग दोरावाटे घाटाला, म्हणजे पृथ्वीला पोचतो. पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं, इतके किलो. तिच्या खात्यात १२० पडले तर वेग येतो दशांश चिन्हानंतर २२ शून्यं आणि मग २, इतके मीटर दर सेकंदाला. तेवढासा वेग घेऊन सगळी पृथ्वी मागं सरकत असते, मी हवेत असेपर्यंत. पायरीवर पाय टेकले, की माझे १२० तिच्याच खात्यात जमा होतात आणि तीही थांबते.