गोव्यात सगळ्यांना एकच कायदा? पूर्ण खरं नाही

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं: गोव्यात तो कधीचाच आहे, सगळ्या धर्मांना अगदी एकच. मी स्वतः अशा कायद्याच्या बाजूची. म्हणूनच अर्धवट माहितीवर आपली बाजू मांडली गेली की जीव तुटतो.

मूळ आहे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता. मुक्तीनंतर १९६२च्या कायद्याने ती चालू राहिली. तिच्यातलं मोलाचं खरंच मोलाचं आहे. आमच्याकडे लग्न म्हणजे आधी निबंधक कार्यालयातल्या सह्या. वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायको दोघं मालमत्तेत निम्म्या-निम्म्याचे मालक. मुलगी असो वा मुलगा, वारसा सारखा. मुलं असतील तर मृत्युपत्राने निम्म्याहून जास्त वाटा दुसऱ्याला देता येत नाही. वारशाने आलेल्या माहेरच्या घराच्या विक्रीवर लग्न झालेल्या मुलीची सही लागते, सोबत जावयाचीही!

पण अपवाद आहेत. १८८०च्या हुकुमाने गोव्यातल्या हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची सवलत दिली: पत्नीला २५व्या वर्षापर्यंत मूल नसेल, किंवा ३०व्या वर्षापर्यंत मुलगा नसेल तर. आज ती कुणी वापरत नाही, तरी ‘मुलगा नसेल तर’ हे शब्द वाचताना बाई म्हणून मला आजही बोचतात. कॅथलिकांच्या चर्चमधल्या लग्नांनाही वेगळे नियम आहेत.

२०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गोव्याचं उदाहरण गौरवलं, तेही काही मर्यादित हक्क वगळूनच.