हॉर्न वाजत नाही: कॉम्बिनेशन स्विच गेला की क्लॉक स्प्रिंग?

हॉर्न बंद पडला म्हणून कॉम्बिनेशन स्विच बदलायचा आणि हॉर्न तरीही मुकाच, असं बऱ्याच जणांचं होतं. हा स्विच आणि क्लॉक स्प्रिंग हे दोन्ही पार्ट स्टिअरिंगमागे एकाच कव्हरखाली खेटून बसलेले असतात, म्हणून गल्लत होते. पैसे वाया जातात ते जातातच, पण खरा बिघाड एअरबॅगच्या वाटेत तसाच राहतो, ही गोष्ट जास्त गंभीर आहे.

कॉम्बिनेशन स्विच स्टिअरिंगच्या कॉलमला (खालच्या खांबाला) पक्का बसवलेला असतो, स्टिअरिंगबरोबर फिरत नाही. इंडिकेटर, डिपर, हेडलाइट आणि वायपरच्या दांड्या त्याच्याच. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा करंट रिलेशिवाय (मोठा करंट सांभाळणाऱ्या वेगळ्या स्विचशिवाय) थेट याच्यातून जातो. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चे बल्ब लावले की आतले पॉइंट तापतात, प्लास्टिक तपकिरी पडून वितळतं. कव्हर उघडताच जळका वास आला, तर आधी बल्ब मूळचे लावा, नाहीतर नवा स्विचही जळेल.

क्लॉक स्प्रिंगमध्ये चपट्या केबलची गुंडाळी असते. स्टिअरिंग फिरेल तशी ती आवळते, सैल होते. हॉर्न, स्टिअरिंगवरची बटणं आणि ड्रायव्हरची एअरबॅग यांची जोडणी तिच्यातून जाते. स्टिअरिंग ठरावीक बाजूला वळवल्यावरच हॉर्न वाजत असेल, त्यात मीटरवर एअरबॅगचा दिवाही पेटून राहत असेल, तर संशय हिच्यावरच घ्या. मात्र नुसता हॉर्न गेला असेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा. दिवा पेटलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेल याचा भरवसा नाही, म्हणून अशी गाडी दिवसेंदिवस तशीच चालवू नका.

वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नसेल, तर मात्र दोघांपैकी कुणीही दोषी असू शकतो. खटका स्विचमध्ये असतो, पण त्याला परत ढकलणारा उंचवटा काही गाड्यांत क्लॉक स्प्रिंगवर असतो.

कामाला हात घालण्याआधी चाकं सरळ करा, इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये काही काळ चार्ज राहतो. एअरबॅगच्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर अजिबात लावू नका. काढलेली एअरबॅग कव्हरची बाजू वर करूनच ठेवा. स्टिअरिंग ओढून काढताना नट दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे ते अचानक सुटून तोंडावर येणार नाही.

क्लॉक स्प्रिंग बसवताना ती बरोबर मध्यावर हवी. नवी मध्यावर लॉक होऊन येते, तिची पिन बसवल्यावरच काढा. जुनीच परत घालायची असेल तर हलक्या हातानं एका टोकापर्यंत फिरवा, फेऱ्या मोजत दुसऱ्या टोकाला न्या, निम्म्या मागे या आणि खुणा जुळवा. मध्य चुकला की पहिल्याच पूर्ण वळणाला केबल तुटू शकते. एअरबॅग सोडवण्याची सवय नसेल, तर एवढा भाग जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.