थरच्या वाळवंटातील जखमी व पोरक्या वन्यप्राण्यांचे संगोपन

पश्चिम राजस्थानात जोधपूर, फलोदी, बिकानेर, जैसलमेर, बाडमेर या पट्ट्यात कुत्र्यांनी फाडलेले, कुंपणाच्या तारेत अडकलेले, गाडीने उडवलेले किंवा आईविना राहिलेले वन्यप्राणी उचलून आणणे, बरे करणे आणि जमेल तेव्हा पुन्हा रानात सोडणे, अशी ही प्रथा. आज वन खाते, पशुवैद्य आणि स्वयंसेवी संस्था हे काम करतात, पण त्याची मुळे बिश्नोई समाजाच्या घराअंगणात आहेत. येणाऱ्या प्राण्यांत प्रामुख्याने चिंकारा, म्हणजे लहान चणीची हरणे, असतात. शिवाय काळवीट, नीलगाय, मोर, कुरजा (क्रौंचांची एक जात) आणि गिधाडे.

गुरू जांभोजींनी (जांभेश्वर) १४८५ मध्ये बिकानेरजवळच्या समराथळ धोऱ्यावर, म्हणजे वाळूच्या टेकाडावर, बिश्नोई पंथाची स्थापना केली. पंथाचे २९ नियम आहेत. वीस आणि नऊ म्हणून ‘बिश्नोई’, अशी नावाची व्युत्पत्ती सांगतात. ‘जीव दया पालणी, रूंख लीलो नहीं घावे’ हा त्यांतला सर्वांत ठाऊक असलेला भाग: जिवांवर दया करावी, हिरवे झाड तोडू नये. ‘अमर रखावै थाट’ हा नियम त्या मानाने कमी ऐकू येतो. कसायाकडे जाऊ शकणाऱ्या बोकड-मेंढ्यांसाठी गावाने सामाईक निवारा चालवावा, असा त्याचा अर्थ. जखमी हरणाला गावाच्या खर्चाने पोसण्याची सवय या नियमाच्या अगदी जवळची वाटते. १७३० मध्ये खेजडली गावात खेजडीची (म्हणजे आपली शमी) झाडे वाचवताना अमृतादेवींसह ३६३ जणांनी प्राण दिले. अशी आठवण जपणाऱ्या समाजात अंगणात आलेल्या पाडसाला हाकलले जात नाही. पाडसाला अंगावर पाजणाऱ्या बिश्नोई बायकांची छायाचित्रे जगभर गेली. ती खरी आहेत आणि हृद्य आहेत, पण रोजचे काम त्या चित्रात मावत नाही.

रोजचे काम बहुतेक वेळा मोकाट कुत्र्यांपासून सुरू होते. उघड्यावर टाकलेली मेलेली गुरे आणि गावचा कचरा यांवर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. कोरड्या वाळूवर चिंकारा त्यांना दाद देत नाही. पावसाळ्यात मात्र नांगरलेली जमीन भिजली की त्याचे बारीक खूर रुततात आणि कुत्रे गाठतात. कालवे व कूपनलिका आल्यावर शेते वाढली, शेतांभोवती तारबंदी आली, आणि जिवाच्या आकांताने पळणारा प्राणी थेट तारेवर आदळू लागला.

अशा प्राण्याला वाचवताना जखमेइतकाच धोका भीतीचा असतो. हरणवर्गात ‘कॅप्चर मायोपॅथी’ नावाची अवस्था ओळखीची आहे. पाठलागाने, धरपकडीने किंवा नुसत्या गोंगाटाने शरीराचे तापमान चढते, स्नायूंत आम्ल साचते, स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातून निघालेली द्रव्ये मूत्रपिंड निकामी करतात. जखम किरकोळ, टाके नीट पडलेले, प्राणी उभाही राहिलेला, आणि दोन दिवसांनी तो मेलेला सापडतो. म्हणून जाणता माणूस आधी प्राण्याचे डोळे झाकतो. साफ्याचे, म्हणजे फेट्याचे, एक टोकही पुरते. अंधार झाला की धडपड कमी होते. मग त्याला पाय पोटाखाली दुमडून, छातीवर बसल्यासारखे धरायचे. आडवे पाडून नेले तर रवंथ करणाऱ्या प्राण्याचे पोट फुगते आणि श्वास कोंडतो. गाडीत बोलायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, गोंजारायचे तर मुळीच नाही. माणसाचा हात त्याला माया वाटत नाही, शिकाऱ्याचा पंजा वाटतो. पुढे सलाईन, जखमेतल्या अळ्या वेचणे, प्रतिजैविके. कुत्र्याने चावलेला प्राणी रेबीजचाही असू शकतो, म्हणून हातमोजे आणि आधीच घेतलेली लस हवीच. चिंकाऱ्याचे वजन २० किलोच्या आसपास आणि पाय काडीसारखे, त्यामुळे मोडलेले हाड कातडीबाहेर आले असेल तर पाय क्वचितच वाचतो.

पोरक्या पाडसांची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण त्यांतली काही पोरकी नसतातच. चिंकाऱ्याची मादी नवजात पाडसाला झुडपाच्या आडोशाला निश्चल बसवून दूर चरायला जाते आणि दिवसातून मोजक्या वेळा येऊन पाजते. वाटसरूला एकटे पाडस दिसते, कळवळा येतो, तो उचलून आणतो. संध्याकाळी आई रिकाम्या जागेशी येते. पाडस जखमी नसेल, जवळ मेलेली मादी नसेल आणि कुत्री नसतील, तर लांब थांबून वाट पाहणे हाच पहिला उपचार.

खरेच पोरक्या पाडसाला बहुधा शेळीचे दूध देतात. बाटली अशी धरतात की ते आचळाकडे मान वर करते तसे उभ्यानेच पिईल. उताणे धरून पाजल्यास दूध फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. पाजून झाल्यावर ओल्या कोमट फडक्याने शेपटीखाली पुसावे लागते. आई हे जिभेने करते, आणि त्याशिवाय कोवळे पाडस लघवी-शेण करत नाही. हे ठाऊक नसलेल्या घरात भरल्या पोटी पाडसे दगावतात.

कायद्याने असा प्राणी घरी ठेवता येत नाही. चिंकारा आणि काळवीट दोन्ही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि सापडलेल्या वन्यप्राण्याची माहिती ४८ तासांत पोलीस किंवा अधिकृत अधिकाऱ्याला द्यावी लागते.

पक्ष्यांच्या बाबतीत दवाखान्याचे हात तोकडे पडतात. खीचन गावी हिवाळ्यात हजारोंनी उतरणाऱ्या कुरजांना विजेच्या तारांचा धोका असतो. माळढोकाला तर समोरचे नीट दिसतच नाही आणि जड शरीर ऐनवेळी वळत नाही. तारेवर आदळलेला माळढोक बहुधा उपचारापर्यंत पोचत नाही. म्हणून जैसलमेरजवळ सम येथे २०१९ पासून रानातली अंडी आणून उबवण्याचा मार्ग धरला गेला. सोलापूरच्या नान्नजचा माळ माळढोकांविना जवळजवळ रिकामा झालेला पाहिलेल्या मराठी माणसाला त्याचे मोल सांगावे लागत नाही.

संगोपनातला सर्वांत अवघड भाग शेवटी येतो. बाटलीवर वाढलेला नर मोठा झाला की माणसाला घाबरत नाही. माजावर आला की माणसालाच प्रतिस्पर्धी नर समजून शिंगे रोखतो. तो कुत्र्यालाही घाबरत नाही, आणि मग रानात टिकत नाही. म्हणून पाडसे एकेकटी न ठेवता चार-सहा एकत्र वाढवतात, पाजणारा माणूस एकच ठेवतात, दूध तुटताच त्यांच्याशी बोलणे बंद करतात. बोर आणि खेजडीचा पाला मोठ्या वाड्यात टांगून चरणे शिकवले जाते. तीन पायांचे, आंधळे झालेले प्राणी वाड्यातच आयुष्य काढतात. बाकीच्यांसाठी एखाद्या संध्याकाळी फाटक उघडून ठेवतात आणि पाण्याचे कुंड भरलेले राहू देतात. काही दिवस माग कुंडापर्यंत येतात. मग एका सकाळी वाळूवर फक्त बाहेर गेलेले खूर उमटलेले असतात.