सहल आपण सोडली की सोडावी लागली?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील कुटुंबे सुट्टीच्या दिवशी एखाद्या वॉटर पार्कला, जांबोटीच्या बाजूच्या रिसॉर्टला किंवा चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात आणि काही कारणाने दुपारीच परतण्याची वेळ आली, की तिकीट खिडकीवर ठरलेले उत्तर मिळते: ‘एकदा भरलेले पैसे परत मिळणार नाहीत.’ ते ऐकून बहुतेक जण गप्प बसतात. वास्तविक या एका वाक्याखाली दोन अगदी निराळे प्रसंग दडपले जातात. एकात ग्राहक स्वतःच्या कारणाने निघतो, तर दुसऱ्यात ज्या सेवेचे पैसे घेतले ती सेवाच बंद पडते.

मुलाला ताप आला, आजीला ऊन सोसले नाही किंवा गावाकडून फोन आला म्हणून कुटुंब निघाले आणि मागे सर्व काही व्यवस्थित चालू होते, तर व्यावसायिकाने आपला शब्द पाळलेला असतो. अशा वेळी परतावा बुकिंग करताना मान्य केलेल्या अटींवर अवलंबून राहतो आणि प्रवेशशुल्कावर हक्क सांगणे अवघड असते. न वापरलेली दुसऱ्या रात्रीची खोली किंवा न घेतलेले जेवण यांबद्दल विनंती जरूर करावी. खोली दुसऱ्या पाहुण्याला देता येत असेल तर पुष्कळ मालक ऐकतात. लॉकरसाठी घेतलेली अनामत मात्र शुल्क नव्हे. किल्ली परत केली की ती रक्कम मिळालीच पाहिजे, मग कुटुंब तासाभरात निघो वा संध्याकाळी.

दुसऱ्या प्रसंगाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण फसगत होते ती येथेच. वीज गेली, जनरेटर नव्हता आणि पाळणे दिवसभर थांबले. तलाव दुरुस्तीसाठी बंद असूनही पूर्ण दराची तिकिटे दिली गेली. किंवा आरक्षित खोली दुसऱ्यालाच दिली गेली. येथे कुटुंब घरी परतले म्हणजे त्याने सहल रद्द केली, असे मुळीच होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू असून, त्यात कराराप्रमाणे द्यायच्या सेवेतील उणीव ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. त्रुटीयुक्त सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही त्याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे भिंतीवरची पाटी दाखवून अशा मागणीची वाट अडवता येत नाही. पैशांऐवजी ‘पुढच्या वेळी या’ म्हणून कूपन पुढे केले जाते, तेही घेणे ग्राहकावर बंधनकारक नाही. एकदा राजीखुशीने घेतले, तर मात्र पुढे रोख मागणे कठीण जाते.

या दोहोंच्या मध्ये आपल्याकडचा पावसाळा येतो. जुलैत घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तर त्यात दोष कोणाचाच नसतो. अशा संकटाविषयी बुकिंगमध्ये अट असेल तर आधी ती पाहावी लागते. ती नसेल आणि करार पार पाडणेच अशक्य झाले असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ६५ चा आधार घेता येतो. रद्दबातल ठरलेल्या करारातून मिळालेला लाभ परत करण्याचे किंवा त्याची भरपाई देण्याचे बंधन त्यात आहे. नुसता रिमझिम पाऊस आणि त्यामुळे झालेला विरस एवढ्याने ते कलम लागू होत नाही.

कोणता प्रसंग घडला हे पुढे सिद्ध करावे लागते, म्हणून फाटकातून बाहेर पडण्यापूर्वीच काळजी घ्यावी. बंद पाळण्याचा वेळेसह फोटो काढावा, पावतीच्या मागे निघण्याची वेळ आणि कारण लिहून व्यवस्थापकाची सही मागावी, आणि त्याने नकार दिल्यास तेथूनच त्याला तोच मजकूर संदेशाने पाठवावा. गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत फिकी पडते, म्हणून पावतीचाही फोटो त्याच दिवशी घ्यावा. अटी कन्नड किंवा इंग्रजीत असतील, तर पैसे भरण्याआधी त्या समजावून घेण्यात संकोच नको.

तडजोड न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो. तेथे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. सीमाभागासाठी सर्वांत मोलाची तरतूद अशी, की रिसॉर्ट आंबोलीत म्हणजे महाराष्ट्रात असो वा गोव्यात, २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली आहे. खानापूरच्या कुटुंबाला त्यासाठी सिंधुदुर्गात किंवा पणजीत खेटे घालावे लागत नाहीत. ते बेळगावच्या आयोगाकडे दाद मागू शकते.