सहीचा आदेश की छापील नियम? अमेरिकेतली बातमी वाचताना आधी एवढं बघा

१९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एका प्रोक्लमेशनवर, म्हणजे जाहीरनाम्यावर, सही केली: एच-१बी या कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या व्हिसाच्या नव्या अर्जासाठी एक लाख डॉलर. अंमल शनिवार-रविवारच्या मध्यरात्रीपासून. भारतात सुट्टीवर आलेल्या लोकांना त्यांच्या कंपन्यांनी तातडीनं परत बोलावलं. ही रक्कम फक्त नव्या अर्जांना आहे, आधीपासून व्हिसा असलेल्यांना नाही, हा खुलासा सरकारनं शनिवारी केला. तोवर अनेकांनी महागडी तिकिटं काढली होती.

पुढच्याच आठवड्यात, २४ सप्टेंबरला, अमेरिकेच्या राजपत्रात म्हणजे फेडरल रजिस्टरमध्ये एच-१बीबद्दलच आणखी एक गोष्ट छापून आली. अर्ज जास्त आले की काढल्या जाणाऱ्या सरसकट लॉटरीऐवजी पगाराच्या पातळीनुसार वजन द्यायचं, चौथ्या म्हणजे सर्वात वरच्या पातळीच्या पगाराचा अर्ज सोडतीत चारदा धरायचा आणि पहिल्या पातळीचा एकदाच, असा तो मसुदा होता. त्यावर कुणी विमानतळाकडे धावलं नाही. पण नुकतीच मास्टर्स झालेल्या, पहिल्या नोकरीच्या पगारावर असलेल्या पुण्या-नाशिकच्या मुलामुलींसाठी हा मसुदा त्या एक लाख डॉलरइतकाच महत्त्वाचा होता.

बातम्यांमध्ये दोन्हींचा मथळा एकच असतो: ‘ट्रम्प यांनी नियम बदलला’. खरं तर या दोन वेगळ्या वाटा आहेत: एक राष्ट्राध्यक्षांच्या सहीच्या आदेशाची, दुसरी सरकारी खात्यानं केलेल्या नियमाची. धोरण कोणत्या वाटेनं आलंय, यावर ते कधी लागू होणार, तुम्हाला त्यावर बोलता येणार का आणि ते किती टिकणार, हे सगळं ठरतं. परदेशात मुलं असलेल्या प्रत्येक घरात हा फरक माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दोन्हींच्या मुळाशी काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, कायदा असतो. स्थलांतराचा मूळ कायदा १९५२ चा, एच-१बीची आजची रचना १९९० ची. वर्षाला ६५ हजार व्हिसा आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, हे आकडे कायद्यातच आहेत. ते बदलायचे तर काँग्रेसच हवी, राष्ट्राध्यक्षांची सही पुरत नाही. पण कायदा सगळं लिहीत नाही. अर्ज जास्त आले तर निवड कशी करायची, कागदपत्रं कोणती मागायची, असा तपशील तो खात्यांवर सोडतो. धोरणाची बरीचशी घडण याच मोकळ्या जागेत होते.

राष्ट्राध्यक्षांचा आदेश, म्हणजे एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, मुळात सरकारी खात्यांना उद्देशून असतो: अमुक करा, तमुक थांबवा. १९४८ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचं पाऊल अशाच आदेशानं उचललं. प्रोक्लमेशन हा त्याचाच भाऊबंद. स्थलांतराच्या बाबतीत ते जास्त दिसतं, कारण परदेशी नागरिकांचा प्रवेश रोखण्याचा अधिकार कायद्यानं राष्ट्राध्यक्षांना प्रोक्लमेशनद्वारेच दिलेला आहे. मसुदा व्हाइट हाउसमध्ये तयार होतो, न्याय खातं तो तपासतं, मग सही. जनतेला विचारण्याची पायरी नाही. आपल्याकडच्या वटहुकमासारखा तो नंतर संसदेपुढेही ठेवावा लागत नाही.

पण आदेशाला संविधानाचा किंवा कायद्याचा आधार लागतोच. कोरियन युद्धाच्या काळात पोलाद कारखान्यांमध्ये संप होणार असं दिसताच ट्रुमन यांनी १९५२ च्या एप्रिलमध्ये आदेश काढून कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी तो आदेश मोडीत काढला. कारण काँग्रेसनं असा अधिकार दिलेलाच नव्हता.

आणि आदेश जितक्या सहज येतो तितक्याच सहज जातो. २०१७ च्या जानेवारीत काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी आली, न्यायालयात अडकली, दोनदा नव्यानं लिहिली गेली, २०१८ मध्ये तिसरी आवृत्ती सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी टिकली. २० जानेवारी २०२१ ला बायडन यांनी पहिल्याच दिवशी ती एका सहीनं संपवली. चार वर्षांचा वाद आणि शेवट एका दुपारी.

नियमाची गोष्ट निराळी. नियम खातं करतं, आणि कसा करायचा हे १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानं ठरवून दिलंय. मसुदा फेडरल रजिस्टरमध्ये छापायचा, त्यामागची कारणं सांगायची, हरकती आणि सूचना मागवायच्या (बहुधा ३० ते ६० दिवस), आलेल्या महत्त्वाच्या मुद्द्यांना अंतिम नियमात उत्तर द्यायचं, आणि छापल्यावर साधारणपणे किमान ३० दिवस थांबून मगच अंमल करायचा. मोठे नियम मसुद्याच्या टप्प्यावर आणि अंतिम टप्प्यावर व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयातल्या एका विभागाकडे जातात. तो खर्च आणि फायदा तपासतो. सगळं मिळून महिने जातात, बऱ्याचदा वर्षं.

हा संथपणा त्रासदायक वाटतो, पण एच-४वरच्या बायकांना विचारा. नोकरी करणारा नवरा किंवा बायको एच-१बीवर, जोडीदार एच-४वर, आणि त्या जोडीदाराला काम करायची परवानगी नाही. इंजिनियर, डॉक्टर, शिक्षिका वर्षानुवर्षं घरी. त्यांत भारतीय स्त्रियांची संख्या सर्वात मोठी. २०१४ च्या मे महिन्यात स्थलांतराचं काम बघणाऱ्या होमलँड सिक्युरिटी खात्यानं मसुदा काढला: जोडीदाराची ग्रीन कार्डची वाट ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली असेल तर एच-४ला कामाची परवानगी द्यावी. सुमारे १३ हजार हरकती-सूचना आल्या. त्यांत या स्त्रियांनी स्वतः लिहिलेल्या हकिगतीही होत्या: शिक्षण काय, नोकरी कधी सुटली, घरावर काय परिणाम झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये अंतिम नियम छापला गेला, २६ मे २०१५ पासून लागू झाला.

मग सरकार बदललं. एप्रिल २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ‘अमेरिकन माल घ्या, अमेरिकन माणसं कामावर ठेवा’ अशा अर्थाचा आदेश काढला. मथळे भीतीदायक होते. पण त्या आदेशानं एच-१बीची लॉटरी बदलली नाही की एच-४ची परवानगी काढली नाही. त्यात खात्यांना एवढंच सांगितलं होतं की नवे नियम सुचवा. एच-४ची परवानगी रद्द करण्याचा बेत खात्यानं जाहीर केला, २०१९ मध्ये मसुदा तपासणीसाठी व्हाइट हाउसकडे गेला, आणि तिथेच राहिला. तो फेडरल रजिस्टरमध्ये छापलाच गेला नाही; २०२१ च्या जानेवारीत बायडन सरकारनं मागे घेतला. न्यायालयातली लढाई २०१५ पासून सुरूच होती. २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानंही नियम कायम ठेवला.

सांगायचं ते हेच: नियम काढून टाकायलाही तीच वाट चालावी लागते जी तो आणायला चालावी लागली होती. सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये मोटारींच्या सुरक्षा उपकरणांच्या खटल्यात हे पक्कं केलं. खात्याला मत बदलता येतं, पण का बदललं याचं पटण्याजोगं कारण द्यावंच लागतं.

आडवाटा अर्थातच शोधल्या जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये दोन खात्यांनी एच-१बीबद्दलचे दोन नियम आधी हरकती न मागवता अंतिम म्हणून छापले. त्यांतला पगाराच्या पातळीचा नियम त्याच दिवशी लागूही झाला. कारण दिलं कोविडमुळे वाढलेल्या बेकारीचं. कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी १ डिसेंबरला दोन्ही रद्द ठरवले: साथ येऊन कितीतरी महिने झाले होते, एवढी निकड होती तर इतके दिवस थांबलात कशाला? त्याच वर्षी जूनमध्ये एच-१बीधारकांचा प्रवेश थांबवणारं प्रोक्लमेशन निघालं होतं. एका खटल्यातल्या कंपन्यांपुरता त्याला अटकाव झाला, बाकीच्यांना मात्र ३१ मार्च २०२१ ला मुदत संपेपर्यंत वाट बघावी लागली.

दोन्ही वाटा एकमेकींत मिसळतात, आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो. सप्टेंबर २०२५ च्या त्या प्रोक्लमेशनमध्ये दोन थर होते. एक लाख डॉलरचा भाग लगेच लागू, मुदत १२ महिने, वाढवता येण्यासारखी. आणि दुसरीकडे खात्यांना सूचना: पगाराच्या पातळ्या बदलणारा नियम करा, जास्त पगाराच्या अर्जांना प्राधान्य देणारा नियम करा. म्हणून आदेश वाचताना वाक्याचं क्रियापद बघावं. ‘आजपासून बंद’ असेल तर वकिलाला आजच फोन करा. ‘सचिवांनी नियम प्रस्तावित करावा’ असेल तर अजून काही बदललेलं नाही आणि तुम्हाला बोलायची संधी येणार आहे.

ती संधी फार कमी लोक घेतात याचं मला वाईट वाटतं. सूचना रेग्युलेशन्स डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर फुकट देता येते. त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. ही मतमोजणी नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा एकच मजकूर हजार जणांनी चिकटवला तरी खातं त्याला एकाच मुद्द्याचं उत्तर देतं. त्यापेक्षा मसुद्यातलं नेमकं कलम सांगा, त्याचा तुमच्या कामावर किंवा कुटुंबावर काय परिणाम होतो ते आकड्यांसह लिहा, पर्याय सुचवा. असा मुद्दा खात्यानं टाळला तर पुढे न्यायालयात तोच नियमाच्या विरोधात उभा राहू शकतो. सूचना सगळ्यांना वाचता येतात, म्हणून त्यात पासपोर्ट क्रमांक किंवा पत्ता घालू नका.

बातमी आली की फेडरल रजिस्टरमध्ये मूळ कागद शोधावा. तो इंटरनेटवर खुला आहे. ‘प्रेसिडेन्शियल डॉक्युमेंट्स’ या विभागात असेल तर तो सहीचा आदेश. ‘प्रपोझ्ड रूल्स’मध्ये असेल तर मसुदा, आणि ‘रूल्स अँड रेग्युलेशन्स’मध्ये असेल तर झालेला नियम, अंमलाच्या तारखेसह. मसुद्यावर सूचना पाठवायची शेवटची तारीख सुरुवातीलाच छापलेली असते. ती पहिल्यांदा बघा. मुदत उलटल्यावर आलेली सूचना विचारात घेण्याचं बंधन खात्यावर नसतं.